मीटर बंद असलेली खोली

पंखा बंद. फ्रिज बंद. खिडकी लावून तिच्यावर गोधडी टाकलेली. शेजारच्या काकूंना सकाळीच सांगून ठेवलंय की दोन ते चार मिक्सर लावू नका. आई आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलीये आणि पान उलटतानाही जपून उलटते आहे. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी अर्धा तास घराचा आवाज काढून घ्यावा लागतो. मग मी कपाटाचं दार उघडतो, आत लटकलेल्या शर्टांकडे तोंड करून उभा राहतो (कपडे आवाज शोषून घेतात, भिंती तो परत फेकतात) आणि गायला लागतो. पहिलं कडवं संपत येतं तेवढ्यात फास्ट लोकल हॉर्न देते. परत पहिल्यापासून.

माझं सामान सांगायचं तर एक सेकंडहँड माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस, मित्राचा जुना लॅपटॉप आणि फुकटातलं सॉफ्टवेअर. सगळं मिळून नऊ-दहा हजारांच्या आत. तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे याहून बरं सामान असेल, आणि कितीतरी जण नुसत्या फोनवर माझ्याहून बरं काम करत असतील.

मागच्या वर्षी चुलतभावाने घर बदललं, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत एक कॅसेट सापडली. कव्हरवर बॉलपेनने लिहिलं होतं, 'भजन, ऑगस्ट ८२'. अक्षर काकांचं. काका लालबागच्या चाळीत राहायचे, गिरणीत होते आणि चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा होते. कोकणात आणि कोकणातून मुंबईत आलेल्या माणसांत भजनाचा मुख्य गायक तो बुवा. मी काकांना ओळखत होतो ते मात्र न गाणारे काका म्हणून. ते २०११ साली गेले, तोवर मी त्यांना आरतीच्या पलीकडे काही गाताना ऐकलं नव्हतं. विचारलं की एकच उत्तर यायचं, "माझा गळा रेकॉर्डिंगचा नाय." मी तर रेकॉर्डिंगचं विचारलेलंच नसायचं.

चोरबाजारातून एक कॅसेट डेक आणला, बेल्ट बदलून घेतला आणि कॅसेट लॅपटॉपमध्ये घेतली. टेपची सरसर, तिच्यामागे पत्र्यावर पडणारा पाऊस, टाळ इतके जवळ की कानठळ्या बसाव्यात, आणि या सगळ्याच्या मधून वर येणारा काकांचा आवाज. मधे कुणीतरी खोकतं. एक लहान मूल काहीतरी मागतं आणि त्याला गप्प केलं जातं. एका अभंगात पखवाज चुकतो, सगळे हसतात, काकाही हसतात आणि हसू ओसरायच्या आतच पुन्हा ध्रुवपद उचलतात. माइक कुठे ठेवायचा, कुणाला किती जवळ बसवायचं, हे नियम मी दोन वर्षं व्हिडिओ बघून शिकलोय. त्यातला एकही त्या खोलीत पाळलेला नाही. आणि तरी ते माझ्या शर्टांच्या कपाटातल्या गाण्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. हे मला पटकन मान्य करता आलं नाही. म्हणून घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या माणसांचा इतिहास धुंडाळायला लागलो. त्यातून जे हाती लागलं, ते पैशांबद्दल कमी आणि वेळेबद्दल जास्त होतं.

०

आपल्याकडे रेकॉर्डिंगची सुरुवात स्टुडिओत झालीच नाही. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात उतरला आणि हॉटेलच्या खोल्यांत त्याने यंत्र मांडलं. तिथे गौहर जान गायल्या. गाणं संपल्यावर त्या आपलं नाव इंग्रजीत सांगतात, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं. तबकडीवर जागा तीनेक मिनिटांची. ज्या गाण्याला बैठकीत तास लागायचा ते तीन मिनिटांत बसवायचं, आणि त्यातच नाव सांगण्यापुरती जागा राखायची. खोली हॉटेलची असली तरी घड्याळ कंपनीचं होतं.

पुढे स्टुडिओ आले आणि ते घड्याळ भिंतीवर चढलं. तासाचं भाडं, वादकांची शिफ्ट, रेकॉर्डिस्टची शिफ्ट. आपल्या सिनेमासंगीतात कित्येक वर्षं सगळे वादक एकत्र वाजवायचे आणि गायकही त्यांच्यासोबतच गायचा. साठ माणसांतल्या एका व्हायोलिनवाल्याचा सूर हुकला की साठही जण पुन्हा पहिल्यापासून. त्या शिस्तीतून अफाट गाणी निघाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दारातून आत कोण जाणार, हे दाराबाहेरच ठरलेलं असायचं. ज्याच्या चुकीचे पैसे भरायला कुणीतरी तयार आहे, तोच.

हे घड्याळ घरी आणून उघडून बघणारा पहिला मोठा माणूस म्हणजे लेस पॉल. अमेरिकन गिटारवादक. गिब्सन कंपनीच्या गिटारवर त्याचं नाव तुम्ही वाचलं असेल. चाळिशीच्या दशकात हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्टुडिओ थाटला. तबकडी कापायचं यंत्र स्वतः जुळवलं आणि त्याला कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील लावलं, म्हणजे फिरण्यात हेलकावा येऊ नये. तो एका तबकडीवर गिटार वाजवायचा. मग ती तबकडी लावून तिच्यासोबत दुसरी गिटार वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचा. मग तिसरी, मग चौथी. १९४८ ला आलेल्या 'लव्हर' या रेकॉर्डवर अशा आठ गिटारी आहेत, आणि आठही त्यानेच वाजवलेल्या. दर थराला आधीचा आवाज थोडा मळत जायचा, फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारखा. म्हणून जे कमी महत्त्वाचं ते आधी वाजवायचं आणि जे ठळक हवं ते शेवटी. शेवटचा थर चुकला की सगळी मेहनत पाण्यात.

बिंग क्रॉस्बी या गायकाने त्याला १९४९ मध्ये अँपेक्सचं टेप यंत्र दिलं. लेस पॉलने त्याला एक जास्तीचं हेड बसवून घेतलं आणि तबकड्यांचा खेळ टेपवर आणला. तो आणि त्याची बायको मेरी फोर्ड न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भाड्याच्या घरात राहत असताना त्यांनी तिथेच 'हाउ हाय द मून' रेकॉर्ड केलं. एकच मेरी, पण ऐकताना वाटतं की बहिणींचा आख्खा ताफा गातोय. १९५१ मध्ये ते गाणं नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

लेस पॉलला गरीब म्हणता येणार नाही. मोठ्या कंपनीशी करार असलेला नावाजलेला वादक होता तो, आणि स्टुडिओ त्याला बंद नव्हते. तरीही तो गॅरेजात का बसला? कारण कोणताही स्टुडिओ त्याला तेच गाणं रात्री दोन वाजता पुन्हा पहिल्यापासून चुकू देणार नव्हता.

०

या गोष्टीत सगळं इतकं आनंदाचं नाही. लंडनच्या ३०४, हॉलोवे रोडला एक चामड्याच्या वस्तूंचं दुकान होतं आणि त्याच्या वर भाड्याच्या खोल्या. तिथे साठच्या दशकात जो मीक राहायचा. स्टुडिओतली नोकरी सोडून त्याने याच खोल्यांचा स्टुडिओ केला. एका खोलीत वादक, दुसऱ्या खोलीत यंत्रं, जिन्यावर तंतुवाद्यं, आणि आवाज घुमायला हवा असेल तर गायक बाथरूममध्ये. त्याला नोटेशन येत नव्हतं आणि वाद्यही धड वाजवता येत नव्हतं. चाल तो गुणगुणून टेप करायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी ती उतरवून घ्यायला लावायचा.

१९६२ च्या जुलैमध्ये टेलस्टार नावाचा संदेशवहन उपग्रह अवकाशात गेला. मीकने त्याच नावाची धून बांधली आणि टॉर्नेडोज नावाच्या बँडकडून वाजवून घेतली. दुकानाच्या वरच्या त्या खोल्यांत तयार झालेली ती धून आधी ब्रिटनमध्ये आणि वर्षअखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. बीटल्स अमेरिकेत पोचायच्या आधीची गोष्ट. दोन वर्षांनी हनीकोम्ब्ज या बँडच्या एका गाण्यासाठी त्याला ठेका जड हवा होता. त्याने सगळ्यांना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि माइक जिन्याच्या कठड्याला सायकलच्या क्लिपांनी अडकवले. तेही गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

मीकची गोष्ट बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगितली जाते. जुगाडू जीनियस वगैरे. पण जिन्यावर पाय आपटले की खाली दुकानात काय होत असेल? घरमालकीण खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. मीक आवाज आणखी वाढवायचा. दरम्यान एका फ्रेंच संगीतकाराने दावा लावला की 'टेलस्टार'ची चाल आपल्या धुनेवरून उचललेली आहे, आणि त्या गाण्याचे पैसे कोर्टात अडकून पडले. जगभर वाजलेलं गाणं, आणि ज्याने केलं तो कर्जात. त्याची मनःस्थिती ढासळत गेली. ३ फेब्रुवारी १९६७ ला त्याने बंदुकीने घरमालकिणीला मारलं आणि मग स्वतःला. तो ३७ वर्षांचा होता. कोर्टाचा निकाल नंतर त्याच्या बाजूने लागला.

घरमालकिणीचं नाव व्हायोलेट शेंटन. मीकवर नाटक आलं, सिनेमा आला. त्यांत ती असते, पण त्याच्या गोष्टीतली खाष्ट बाई म्हणून. मला मात्र शेजारच्या काकूंना मिक्सर लावू नका म्हणताना हल्ली तिची आठवण होते. घरात रेकॉर्डिंग स्वस्त पडतं, कारण खर्चाचा काही भाग घरातली आणि शेजारची माणसं भरत असतात. शांत बसून, पाय न वाजवता चालून, कुकर पुढे ढकलून. त्याची पावती कुणी देत नाही.

०

आता त्या महिन्याकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१९७९ मध्ये टीॲक या जपानी कंपनीने टास्कॅम नावाखाली 'पोर्टास्टुडिओ १४४' बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चालणारं चार ट्रॅकचं यंत्र. तुमच्या-आमच्या घरातल्या कॅसेटवर खरं तर चार ट्रॅक असतातच, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या. पोर्टास्टुडिओने काय केलं, तर चारही एकाच दिशेने वापरले. म्हणजे कॅसेट उलटायची सोय गेली. शिवाय आवाज बरा यावा म्हणून टेप दुप्पट वेगाने पळवली. तासाच्या कॅसेटवर पंधरा मिनिटं मिळायची. पण त्या पंधरा मिनिटांत पहिल्या ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर गळा, तिसऱ्यावर आणखी काही असं एकेक करत भरता यायचं, आणि एक ट्रॅक चुकला तर तेवढाच पुसता यायचा. ज्यासाठी लेस पॉलला गॅरेज लागलं ते आता टेबलावर आलं होतं. किंमत हजार डॉलरच्या आसपास. त्या वेळच्या दराने आठेक हजार रुपये, आयातकर सोडून. लालबागमध्ये कुणाच्या कल्पनेतही न येणारी रक्कम, पण अमेरिकेतल्या धडपड्या गायकाला दोन-तीन वर्षं साठवून जमण्यासारखी.

ब्रूस स्प्रिंगस्टीन तेव्हा धडपड्या राहिला नव्हता. १९८० चा 'द रिव्हर' हा दोन रेकॉर्डचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला होता. पण तो करायला वर्षाहून अधिक काळ लागला होता, कारण गाणी स्टुडिओत बसून, मीटर चालू ठेवून सुचवली जात होती. हा खर्च वाचवायचा म्हणून त्याने आपल्या गिटारींची देखभाल करणाऱ्या माइक बॅटलनला एखादं छोटं यंत्र आणायला सांगितलं. बॅटलन पोर्टास्टुडिओ घेऊन आला. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावात भाड्याचं घर होतं. तिथल्या बेडरूममध्ये दोन साधे शुअर एसएम-५७ माइक लावले, आणि १९८१-८२ च्या त्या हिवाळ्यात बहुतेक गाणी झाली. गिटार वाजवत गायचं आणि उरलेल्या ट्रॅकवर कुठे दुसरा आवाज, कुठे मँडोलिन, कुठे खंजिरी. मग चारांचे दोन करायचे, म्हणजे मिक्स, तर त्यासाठी वेगळं यंत्र नव्हतं. एक पॅनासॉनिकचा मोठा टेप होता, जो एकदा पाण्यात पडून बंद पडला होता आणि काही दिवसांनी आपणहून सुरू झाला होता. त्याच्यावर मिक्स केलं. मधे एक इको यंत्र जोडलं, त्यामुळे सगळी गाणी लांबून, रिकाम्या हायवेवरून येत असल्यासारखी वाटतात.

ही कॅसेट त्याच्या हिशेबी नमुना होती. बँडला ऐकवायची आणि मग नीट रेकॉर्ड करायची. पुढे बँड स्टुडिओत गेला, तीच गाणी सगळ्या वाद्यांसह वाजवली, आणि काहीतरी निसटलं. त्याच कॅसेटवर 'बॉर्न इन द यूएसए' हे गाणंही होतं, ते बँडसोबत भन्नाट झालं आणि पुढे जगभर गाजलं. पण बाकीची बरीचशी गाणी मोठी झाली की मरत होती. स्प्रिंगस्टीन ती कॅसेट कव्हरशिवाय जीन्सच्या खिशात घालून आठवडेच्या आठवडे हिंडत होता. शेवटी ठरलं की कॅसेटच छापायची. तेही सोपं नव्हतं. टेपची पातळी इतकी कमी होती की रेकॉर्ड कापायचे प्रयत्न फसत राहिले, आणि फक्त कॅसेट म्हणून काढावं की काय इथवर विचार गेला. अखेर जमलं. ३० सप्टेंबर १९८२ ला 'नेब्रास्का' आला. टेपची सरसर तशीच ठेवून. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, या अल्बमच्या जन्मावर आख्खा सिनेमा आला, तो काहींनी पाहिला असेल.

त्यातली माणसं कोण आहेत? एका गाण्यात न्यू जर्सीतल्या माव्हा इथला मोटारींचा कारखाना बंद पडतो आणि एका कामगाराचं आयुष्य घसरत जातं. तो कारखाना खरा होता, फोर्डचा, १९८० मध्ये बंद झालेला. हे वाचताना मी सहज तारीख बघितली. कोल्ट्स नेकच्या बेडरूममध्ये ही गाणी टेप होत होती तो जानेवारी १९८२. त्याच महिन्यात, १८ जानेवारीला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

आणि माझ्या हातातल्या कॅसेटवर लिहिलेलं होतं, ऑगस्ट ८२.

०

मी अण्णांना फोन केला. मंडळाचे पखवाजवाले. आता गावी, चिपळूणजवळ असतात. "अण्णा, ब्याऐंशीच्या ऑगस्टात तुम्ही भजन टेप केलं होतंत, ते आठवतं का?"

"आठवतं म्हंजे! संप होता ना. करायचं काय दिवसभर?"

त्यांनी सांगितलं ते असं. सात महिने पगार नाही. काही जण गावी गेलेले, काही भाजी विकायला बसलेले. पाळी नाही त्यामुळे रात्रीची झोपही नाही. पूर्वी मंडळाची तालीम म्हणजे कसरत असायची. कुणाची पहिली पाळी, कुणाची रात्रपाळी, सगळे एकत्र सापडायचे फक्त सुट्टीच्या दिवशी. संपात सगळे रोज सापडायला लागले. चाळीतल्या एकाचा भाऊ मस्कतला होता, त्याने आणलेला टू-इन-वन एका रात्रीसाठी मिळाला. दहा बाय बाराची खोली, पंधरा-सोळा माणसं, दार उघडं, कारण नाहीतर गुदमरलो असतो. टू-इन-वन मधोमध पाटावर. चाळीतले दिवे सारखे जात होते म्हणून सेल घातले होते. सेल कुणी आणले यावरून वाद झाला होता, तोही अण्णांना आठवतो.

सेलवरून एक कोडं सुटलं. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला काकांचा आवाज हळूहळू चढत जातो. सूर वर सरकतो, लय किंचित पळते, शेवटच्या अभंगात तर ते अठरा वर्षांचे वाटतात. झालं असं असणार की सेल उतरत गेले तसा टेप फिरायचा वेग कमी झाला. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं नेहमीच्या वेगाने लावलं की ते वरच्या पट्टीत वाजतं. लॅपटॉपवर हे दोन मिनिटांत सरळ करता येतं. मी ते केलं. ऐकलं. आणि परत होतं तसं करून ठेवलं.

इथे मी माझ्याच म्हणण्याला अडतो. मीटर बंद असलेल्या खोलीत गाणं खुलतं, असं मी म्हणत आलोय. लालबागच्या त्या खोलीत मीटर बंदच होतं. पण ते बंद होतं कारण पगारही बंद होता. स्प्रिंगस्टीनला वेळ मिळाला तो आधीच्या अल्बमच्या कमाईतून. काकांना मिळाला तो उपाशीपोटी. दोन्ही टेपांवर रात्रीची तीच शांतता ऐकू येते, पण तिचे भाव वेगळे होते.

मग मी अण्णांना ते विचारलं, जे काकांना कधी विचारता आलं नव्हतं. गाणं सुटलं कसं?

१९८६ मध्ये मंडळाने कॅसेट काढायचं ठरवलं. तेव्हा कॅसेटचा बाजार तेजीत होता. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी छोट्या कॅसेट कंपन्यांनी मोडली होती, आणि गावोगावचे शाहीर, बुवा, कव्वाल स्वतःच्या नावाची कॅसेट बघत होते. बावीस जणांनी वर्गणी काढली. काका तेव्हा एका इमारतीत वॉचमन होते. एका स्टुडिओचे तीन तास घेतले. तिथे पखवाज एका काचेच्या खोलीत, काका दुसऱ्या, टाळकरी तिसरीकडे. कानाला हेडफोन. काकांनी आयुष्यात कधी पखवाजाकडे न बघता गायलेलं नव्हतं. पहिला अभंग चार वेळा थांबवला गेला. प्रत्येक वेळी काचेपलीकडून आवाज यायचा, "बुवा, वेळ जातोय." दीड तासाने काकांचा गळाच धरला. तीन तास संपले तेव्हा एक अभंग पुरा झाला होता आणि दुसरा अर्धा. पुढचे तास घ्यायला पैसे नव्हते. रेकॉर्डिस्ट वाईट माणूस नव्हता, असं अण्णा दोनदा म्हणाले. जाताना तो आपुलकीनेच बोलला होता, "काही काही गळे रेकॉर्डिंगचे नसतात, बुवा."

बावीस माणसांची वर्गणी काकांनी पुढच्या तीन वर्षांत परत केली. कुणी मागितली नव्हती.

०

त्यानंतरचं सगळं तुम्हाला माहीत असलेलं आहे, म्हणून भरभर सांगतो. टेप गेली, संगणक आला. २००४ मध्ये ॲपलने गॅरेजबँड आणलं. नावातच लेस पॉलची जागा आहे. चार ट्रॅकची मर्यादा संपली, सरसर संपली, पुसलेलं परत आणायची सोय झाली. २०२० च्या ग्रॅमीमध्ये बिली आयलिशने मुख्य चारही पुरस्कार घेतले, त्या अल्बमचं बहुतेक काम तिच्या भावाच्या, फिनिअसच्या, बेडरूममध्ये झालं होतं. हे प्रत्येक व्हिडिओत सांगितलं जातं, जणू आपली बेडरूमही लॉस एंजेलिसला आहे.

मला वाटलं होतं की या स्वस्ताईने माझं घड्याळ कायमचं बंद होईल. झालं उलटंच. माझ्या लॅपटॉपवर एका गाण्याचे ४३ टेक आहेत. हवं तितक्यांदा चुकता येतं म्हणून मी चुकतच राहिलो, आणि कुठला टेक ठेवायचा तेच ठरवता येईना. चार ट्रॅक आणि पंधरा मिनिटं असती तर कदाचित गुरुवारीच गाणं संपलं असतं. त्यात लोकलचा हॉर्न पुसायचा, श्वास पुसायचा, खुर्ची पुसायची. पुसता पुसता गाण्यात माणूसही पुसट होत जातो, हे चाळिसाव्या टेकला कळलं.

पुसण्यावरून आठवलं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी बायकांच्या स्वतःच्या घरी, त्यांच्याच आवाजात टेप केल्या. आता त्या 'परी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. इअरफोन लावून ऐका. जातं, बांगड्या, एकीची ओवी संपताना दुसरीने दिलेला हुंकार. मी रविवारी घरातून जे जे हाकलून लावतो, ते सगळं तिथे गाण्याच्या आत बसलेलं आहे.

काकांच्या कॅसेटवरचा पाऊस मी काढला नाही. सरसर थोडी कमी करून बघितली, तर टाळांची धार गेली, म्हणून तीही राहू दिली. भावाला एक प्रत दिली. बावीसपैकी जे आहेत त्यांच्या मुलांना व्हॉट्सॲपवर पाठवली. एकाने विचारलं, मधे रडणारं पोर कोण? ते तोच निघाला.

गणपतीला गावी गेलो तेव्हा अण्णांकडे स्पीकर घेऊन गेलो. त्यांनी अंगणात खुर्ची ओढली, चष्मा काढून ठेवला आणि दोन्ही बाजू न बोलता ऐकल्या. मांडीवर बोटं चालू होती. पखवाज चुकतो आणि सगळे हसतात त्या जागी बोटं थांबली. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता काकांबद्दल काहीतरी सांगतील.

"ती माझी चूक आहे ना," ते म्हणाले, "तेवढी काढता येईल काय रे?"

काढता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

"नाय येत, अण्णा," मी म्हणालो.

"मग जाऊ दे," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.